रजा आधी, कागद नंतर

"मॅडम अर्जंट गावी निघालोय, वडील सिरीयस आहेत." कारखान्याच्या टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी बघणाऱ्या ऑफिसच्या, मोबाईलवर रात्री-अपरात्री येणारे मेसेज साधारण एवढेच असतात. कधी सिरीयसच्या जागी "ऑफ झाले" असतं, कधी नुसता मिस्ड कॉल असतो आणि आपण परत लावावा तर फोन बंद. आणि यावर बहुतेक ऑफिसांतून जाणारं उत्तरही ठरलेलं असतं, "ओके. पेपर पाठवा." काय झालं, कुठे ॲडमिट केलंय, सोबत कोण आहे, गाडीभाड्याला पैसे आहेत का, यातलं काही नाही, आधी पेपर. मला या एका वाक्याबद्दल लिहायचंय, खूप दिवसांपासून मनात होतं पण दिवाळीच्या आधीचं प्रॉडक्शन आणि हजेरीच्या भानगडीत राहून जात होतं.

मी चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात आधी टाइम ऑफिसला होते, आता एचआरचं बघते. आमच्याकडची मुलं बीड, लातूर, परभणी, यवतमाळ इकडची, शिवाय बिहार-ओडिशाची बरीच. म्हणजे काम करणारा इथे आणि त्याचं सगळं घर अडीचशे ते सहाशे नाहीतर दीड हजार किलोमीटरवर. अशा माणसाची इमर्जन्सी कशी घडते ते जरा नीट बघा. रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागतं, शेजारचा पोरगा त्यांना मोटरसायकलवर मधे बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतो, तिथून १०८ ची गाडी करून तालुक्याला, तालुक्याचे डॉक्टर म्हणतात जिल्ह्याला न्या. या सगळ्यात पहिला कागद तयार होतो तो सरकारी दवाखान्यातला केसपेपर, आणि तो असतो त्या शेजारच्या पोराच्या खिशात, घडी घालून, घामाने ओला झालेला. कामगार असतो वाकडच्या पुलाखाली ट्रॅव्हल्सची वाट बघत. त्याच्याकडे त्या घडीला दाखवायला काय असतं? भावाचा आलेला फोन. बस. आणि आपण त्याला म्हणतो पेपर पाठवा, मग तो भर आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या भावाला फोन करून सांगतो की अरे आधी केसपेपरचा फोटो टाक, नाहीतर माझी ॲब्सेंट लागेल.

याच्या उलट ज्याला खोटं सांगून सुट्टी काढायचीये त्याचं बघा. त्याला चार दिवस आधीच माहीत असतं की आपल्याला शुक्रवारी जायचंय. तो निवांत एखाद्या ओळखीच्या दवाखान्यात जातो, लेटरहेडवर शिक्का-सही घेतो, तारीख हवी ती टाकून घेतो आणि निघायच्या आधी पेपर पाठवून मोकळा होतो. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या कागदांत सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात पूर्ण भरलेले कागद नेहमी संशयास्पद निघालेत, आणि खरे कागद अर्धवट असतात, नाव चुकलेलं, तारखेवर चहाचा डाग, डॉक्टरची सही म्हणजे नुसती एक रेघ. त्यामुळे निघायच्या आधी पुरावा मागून खोटा माणूस सापडतो हे जे आपण धरून चालतो ते मला अजिबात पटत नाही. त्यातून एवढंच कळतं की कोणाला तयारीला वेळ मिळाला होता. ज्याच्यावर खरंच आकाश कोसळलंय त्याला तो मिळत नाही, आणि नेमका तोच सापडतो.

गंमत नाही, पण कायदा लिहिणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा जास्त कळलेलं दिसतं. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली केंद्राने जे नमुना स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे नियम, केले होते, त्यात नैमित्तिक रजा (कॅज्युअल लीव्ह) कशासाठी ते स्पष्ट लिहिलं होतं, की ज्या खास गोष्टी आधी कळू शकत नाहीत त्यांच्यासाठी. आधी परवानगी घ्यावी, पण ते शक्य नसेल तर जमेल तितक्या लवकर लेखी कळवावं, गैरहजर का आणि साधारण किती दिवस. म्हणजे कळवायचं, एवढंच. कळवणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. १९४८ च्या कारखाने कायद्यात (२०२५ मधे नव्या कामगार संहिता येईपर्यंत तो लागू होता) पगारी रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज करा म्हटलं होतं, पण त्याच कलम ७९ मधे पुढे हेही म्हटलं होतं की आजारपणासाठी रजा हवी असेल तर अर्ज वेळेत नसला तरी ती द्यायची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा धरलीये, वापरली नाही तर वर्षाअखेर बुडते. सरकारी कर्मचाऱ्यांनाही नैमित्तिक आठच. आणि सुप्रीम कोर्टाने २०१२ मधे कृष्णकांत परमार यांच्या केसमधे सांगितलं की न सांगता गैरहजर राहिला म्हणजे मुद्दाम राहिला असं आपोआप होत नाही, आजारपण, अपघात, हॉस्पिटल अशी कारणं असू शकतात, आणि मुद्दाम राहिला हे ज्याने आरोप केलाय त्याने चौकशीत सिद्ध करायचं. हा निकाल सरकारी नोकराचा होता हे खरं, पण विचार सगळ्यांनाच लागू पडावा असा आहे. आमच्या सुपरवायझर लोकांना मी हे ट्रेनिंगमधे सांगते तेव्हा ते पहिल्यांदा बघतच राहतात, कारण त्यांना कायम उलटं शिकवलेलं असतं.

मला हे सगळं एवढं लागतं याचं एक कारण माझं स्वतःचं आहे. या नोकरीच्या आधी मी एका ऑफिसात होते, तेव्हा वडिलांना गावी अर्धांगवायूचा झटका आला. दादाने सोलापूरला हलवलं, मी मिळेल त्या गाडीने पोचले. तिथे पोचल्यावर केसपेपरचा फोटो पाठवला, ॲडमिशनची पावती पाठवली, तर मॅनेजरचा मेसेज की पावतीवर तुझं नाव कुठेय, पेशंटसोबतचा फोटो पाठव. मी लग्न झालेली, आडनाव वेगळं, त्यामुळे कागदावरून मी त्यांची कोण हे दिसत नव्हतं ते खरं. मी मोबाईल काढला. बाबांचं तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, वहिनी दर दोन मिनिटांनी पुसत होती. आयुष्यभर शाळेत मास्तर म्हणून राहिलेला माणूस, शर्टाची इस्त्री मोडलेली चालायची नाही त्यांना, त्यांना बोलता येत नव्हतं पण मोबाईल समोर धरलेला कळला आणि त्यांनी जी बाजू हलत होती त्या हाताने चादर वर ओढायचा प्रयत्न केला. मी फोटो काढला नाही. मॅनेजरला लिहिलं की फोटो मिळणार नाही, काय कापायचं ते कापा. पगार कापला गेला, ते पैसे मी कधी मागितले नाहीत. बाबा नंतर बरेच सावरले, काठी घेऊन चालायला लागले, पण त्या चादरीची ओढ मी विसरलेली नाही, आणि म्हणून आज माझ्या टेबलावरून कोणालाही पेशंटचा फोटो मागितला जात नाही. हा माझा नियम आहे आणि मी तो वरपर्यंत भांडून लेखी करून घेतलाय.

मृत्यूच्या रजेचं तर अजून अवघड. आपल्याकडे खाजगी नोकरीत घरातलं कोणी गेलं तर इतके दिवस रजा द्यायचीच असा कायदाच नाही, जे काय असेल ते त्या त्या कंपनीच्या पॉलिसीत. बऱ्याच ठिकाणी तीन दिवस असतात. आता तीन दिवस म्हणजे काय होतं बघा, पहिल्या दिवशी अंत्यविधी, तिसऱ्या दिवशी सावडणं, आणि राख पाण्यात सोडून आलेला माणूस त्याच रात्री गाडीत बसला तर चौथ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला पंच करतो. दहावा, तेरावा त्याच्याशिवाय, किंवा बिनपगारी. मुसलमान घरात तर दफन त्याच दिवशी असतं, सकाळी फोन आला की दुपारच्या आत बीडला पोचायचं असतं, तिथे अर्ज लिहा, एचओडीची, म्हणजे विभागप्रमुखाची, सही आणा, गेटपास करा म्हणणं म्हणजे त्याला बापाचं शेवटचं तोंडही बघू न देणं. बौद्ध कुटुंबांत जलदान विधी असतो, त्याचे दिवस वेगळे. पॉलिसी लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा एकच घर असतं, स्वतःचं.

आणि पुरावा काय मागतात, तर मृत्यूचा दाखला. परत आल्याच्या दिवशी. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यूची माहिती द्यायलाच २१ दिवसांची मुदत आहे, गावात माणूस घरीच वारलेलं असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करायची, ग्रामसेवक दोन-तीन गावं बघत असतो, तो कुठल्या वारी कुठे असतो ते विचारत जायचं. ज्या घरात चूल पेटलेली नाही तिथल्या मुलाने हे चौथ्या दिवशी हातात घेऊन यावं अशी अपेक्षा कशी काय करतात लोक? शहरात निदान स्मशानाची पावती तरी मिळते. खेड्यात ओढ्याकाठी स्वतःच्या शेतात अग्नी दिला तर कोण पावती देणार?

एकदा आमच्या प्रेस शॉपमधला एक मुलगा परत आला तेव्हा गेटवर सिक्युरिटीने त्याला थांबवलं, कारण सिस्टममधे ॲब्सेंट लागून लागून कार्ड ब्लॉक झालेलं. मी खाली गेले. तो काहीच बोलला नाही, त्याने फक्त डोक्यावरची टोपी काढली. नुकतं केलेलं मुंडण, मागे ठेवलेली बारीक शेंडी, कानाच्या वर वस्तरा लागल्याची खपली. सिक्युरिटीवाल्या काकांनीच पुढे होऊन त्याला टोपी परत घातली आणि म्हणाले, जा बाळा आत. त्या दिवशी कोणी त्याला कागद मागितला नाही. पण मला तेव्हाच वाटलं की बाई असती तर तिने काय काढून दाखवलं असतं? लेकीच्या अंगावर बाप गेल्याची खूण नसते. उलट लाईनवरच्या बायकांना मी स्वतः ऐकलेलं उत्तर म्हणजे, "तुला कशाला एवढे दिवस, लग्न झालेल्या मुलीला तर तीनच दिवसांचं सुतक." म्हणजे घरातलं शास्त्र बायकांना कमी रजा द्यायला कामाला येतं आणि पुरुषाला दहाव्यापर्यंत थांबायचं असेल तेव्हा तेच शास्त्र कंपनीला मान्य नसतं. आई गेलेल्या बाईला तीन दिवसात सावरायला लावायचं हे कोणत्या हिशोबात बसतं मला खरंच कळत नाही.

नात्याचं पण तसंच. फॉर्ममधे "जवळचे नातेवाईक" म्हणून आई, वडील, नवरा-बायको, मुलं, कधी सासू-सासरे. पण आमच्याकडे ऊसतोड कामगारांची कितीतरी मुलं आहेत, आईबाप सहा-सहा महिने साखर कारखान्यावर, पोरांना वाढवलं ते चुलतीने, आजीने, मावशीने. त्या मुलाची आई गावच्या हिशोबाने चुलतीच असते. "याची आजी मागच्या वर्षी पण वारली होती" असं म्हणून फाईल आपटणारे लोक मी बघितलेत, आणि चौकशी केल्यावर निघालं की मागच्या वर्षी आईची आई गेली होती, यंदा वडिलांची काकू, जिच्याकडे तो दहावीपर्यंत राहिला.

काही इमर्जन्सी तर अशा असतात की त्यांचा कागद कधी होतच नाही. आईला विसरायचा आजार आहे आणि ती सकाळपासून घरातून निघून गेलीये. नवऱ्याने रात्री मारून घराबाहेर काढलंय आणि पोरं आत आहेत. काढलेलं सोयाबीन शेतात पडलंय आणि अवकाळी सुरू झालाय, वर्षाचं पीक दोन तासात जाणारे, घरी म्हातारा एकटा. २०१९ च्या ऑगस्टमधे कोल्हापूर-सांगलीचा पूर आला तेव्हा हायवे शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, आमची तिकडची मुलं ना इकडे ना तिकडे, तेव्हा निदान टीव्हीवर सगळ्यांना दिसत होतं म्हणून कोणी प्रश्न केला नाही. पण प्रत्येकाच्या घरचा पूर टीव्हीवर येत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत पॉझिटिव्ह रिपोर्टशिवाय रजा नाही असं कितीतरी ठिकाणी चालू होतं आणि टेस्टचा रिपोर्ट यायलाच इतका वेळ लागायचा की तोवर घरातलं माणूस अंथरुणाला खिळलेलं असायचं.

बायकांच्या बाबतीत अजून एक आहे आणि ते मी मुद्दाम लिहितेय कारण यावर कोणी बोलत नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात गर्भपात झाला तर सहा आठवडे पगारी रजा होती, पुरावा देऊन, आणि २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. हक्क आहे, चांगला आहे. पण तो कागद कोणाकडे द्यायचा? लाईन सुपरवायझर पुरुष, वरचा शिफ्ट इन्चार्ज पुरुष, आणि सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यामुळे बाई लिहिते "पोटात दुखतंय", दोन दिवस घेते आणि तिसऱ्या दिवशी आठ तास उभं राहायला येते. तिच्याकडे कागद असूनही ती देत नाही. एका मुलीने मला बाथरूमच्या बाहेर हातात चिठ्ठीसारखी घडी दिली होती सोनोग्राफीच्या रिपोर्टची, म्हणाली मॅडम फक्त तुम्ही बघा आणि परत द्या. मी तिथेच बघितला, परत दिला, आणि फाईलला माझ्या सहीने एक ओळ लावली, वैद्यकीय कागद पाहिला, समाधानकारक. पुढे आम्ही हीच पद्धत सगळ्यांसाठी केली. कागद ग्रुपवर टाकायचा नाही, एकाच माणसाने बघायचा, नोंद करायची, परत द्यायचा. कोणाच्या आईच्या बायॉप्सीचा रिपोर्ट चाळीस लोकांच्या मोबाईलमधे पडून राहायचं काहीच कारण नाही.

सुपरवायझरची बाजू मला माहीत नाही असं नाही. सकाळी सात वाजता लाईन चालू करायची, अठरा माणसं पाहिजेत आणि बारा आलीयेत, वरून फोनवर फोन, गणपती-शिमग्याला कोकण रिकामं, पेरणीला मराठवाडा, लग्नसराईत सगळेच. त्यात खोटं बोलणारे दोन-चार असतातच, आणि त्यांच्यामुळे जे रोज इमानदारीने येतात त्यांच्यावर डबल लोड पडतो, त्यांचाही राग खरा असतो. पण त्यासाठी प्रत्येक रडणाऱ्या माणसाला दारातच अडवायची गरज नाही. आम्ही वर्षाचा हिशोब बघतो. एखादा दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी सिरीयस होत असेल तर ते रजिस्टरमधे दिसतंच, त्याच्याशी वेगळं बसून बोलायचं. बाकीच्यांना पहिल्या फोनवर "जा, पोचलात की कळवा" एवढंच. परत आल्यावर महिनाभरात जो काय कागद असेल तो, केसपेपर, औषधाचं बिल, सरपंचांचं पत्र, दशक्रियेची छापलेली पत्रिका, गाडीचं तिकीट, काहीही चालतं. असं करून लाईन बंद पडली नाही. उलट लोक खरं सांगायला लागले, की मॅडम आजारी-बिजारी कोणी नाही, बहिणीला बघायला पाहुणे येतायत, एक दिवस पाहिजे. तो एक दिवस आम्ही आधीच बदली माणूस लावून देऊ शकतो.

जे हे वाचतायत आणि नोकरीत आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. निघतानाच एक मेसेज लेखी टाका, फोनवर बोललात तरी टाका, कोण, कुठे, अंदाजे किती दिवस, कारण पुढे वाद झाला तर त्या मेसेजची वेळच उपयोगी पडते. दवाखान्यात ॲडमिशन फॉर्मवर नातेवाईकाचं नाव विचारतात तिथे जमलं तर स्वतःचं नाव आणि नातं लिहा, ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही तुम्ही केली असेल तर त्याचा फोटो ठेवा, वॉर्डचा नातेवाईक पास फेकू नका. लग्न झालेल्या मुलींनी हे खास करावं, आडनावाचा प्रश्न तिथेच सुटतो. सरकारी मोठ्या हॉस्पिटलमधे समाजसेवा अधीक्षक असतात, सोबत कोण राहिलं याचं पत्र द्याल का म्हणून त्यांच्याकडे विचारून बघायला हरकत नाही. पेशंटचे वैद्यकीय कागद मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासात द्यायचे असतात, हा २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांतला मुद्दा आहे, तो नम्रपणे दाखवता येतो. ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचं, मात्र लक्षात ठेवा, तिथला आजारपणाचा लाभ, वर्षाला ९१ दिवस आणि पगाराच्या ७० टक्के, हा तुम्ही स्वतः आजारी असाल तर. आईवडिलांच्या आजारपणात तुम्ही सुट्टी घेतली तर ईएसआय तुम्हाला पैसे देत नाही, बरेच जण यात फसतात.

आता अडलंय ते ठेकेदाराच्या माणसांवर. परमनंट लोकांसाठी आम्ही पाच दिवसांची मृत्यू रजा करून घेतली, मुलगा-मुलगी, लग्न झालेली-न झालेली काही भेद नाही, आणि सांभाळ करणारं माणूस असंही फॉर्ममधे घातलं. पण त्याच लाईनवर खांद्याला खांदा लावून उभा असलेला कॉन्ट्रॅक्टचा मुलगा अशा वेळी गावी गेला तर त्याला एका पैशाची रजा नसते, नो वर्क नो पे, आणि तरीही ठेकेदाराचा मुकादम त्याच्याकडे पुरावा मागतो. पगारच देत नाही आहात तर पुरावा कशाचा? तर म्हणे परत कामावर घ्यायचं की नाही ते ठरवायला. चार दिवसात दुसरा माणूस उभा केलेला असतो त्याच्या जागी. मी हा विषय मागच्या कमिटी मीटिंगला मांडला, ठेकेदार म्हणाला बघू, प्लँट हेड म्हणाले खर्चाचा अंदाज काढून आणा. तो मी काढलाय. गेल्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्टचं सगळं हजेरीपत्रक काढून, कोण कशासाठी गेला आणि कोणाला परत घेतलं नाही, नावानिशी. पुढच्या मीटिंगला तेच कागद टेबलावर ठेवणार आहे.